म्हातारे विकणे आहे

बेसबॉलमधे म्हातारा म्हणजे किती वर्षांचा? तर तेहतीस-चौतीसचा. पस्तिशी गाठली की टीव्हीवरचे कॉमेंटेटर त्याच्याबद्दल जरा हळव्या आवाजात बोलायला लागतात आणि छत्तिसाव्या वर्षी होमरन (म्हणजे आपला षटकारच) मारला तर 'अजून दम आहे बरं का' असं कौतुक करतात. ज्या वयात आम्ही अमेरिकेत पहिलं घर घेऊन लोनचे हप्ते मोजत बसलो होतो त्या वयात ही माणसं रिटायर होतात. असो.

तर ह्या म्हाताऱ्यांना विकावं का, ह्यावर आमच्याकडे उत्तर व्हर्जिनियात दर जुलैत वाद होतो. टीम आमची वॉशिंग्टन नॅशनल्स. जुलै अर्धा सरला की ऑफिसात, मुलांच्या मॅचला मैदानाकडेला फोल्डिंग खुर्च्या टाकून बसलेल्या आईबापांत, इतकंच काय मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमधे सुद्धा हा विषय निघतो (आमच्याकडे एक-दोन काका असे आहेत की ज्यांना आरतीला कोण कोण येणार ह्यापेक्षा नवव्या इनिंगला बॉल कोण टाकणार ह्याची काळजी जास्त). मी मूळची नाशिकची, क्रिकेटवर वाढलेली, बेसबॉल शिकले ते मुलगा लिटल लीगमधे जायला लागला म्हणून, पण आता ह्या वादात माझंही एक मत आहे आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आधी ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. मेजर लीगमधे ३० टीम. प्रत्येकीच्या १६२ मॅच, मार्चअखेर ते सप्टेंबर. त्यातल्या आता १२ टीम पुढे प्लेऑफमधे, म्हणजे बाद फेऱ्यांत, जातात, २०२१ पर्यंत १० जायच्या. जुलैअखेरीच्या आसपास ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, डेडलाइन असते आणि तोवर सगळ्या टीमची दोन गटांत विभागणी झालेली असते, घेणारे आणि विकणारे. ज्यांना यंदा चान्स आहे ते घेणारे. ज्यांचं वर्ष वाया गेलंय ते विकणारे. विकणाऱ्याकडे एखादा चांगला पण वय झालेला खेळाडू असतो, त्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरनंतर संपणार असतं, म्हणजे तसाही तो जाणारच, तर त्याला दोन-तीन महिन्यांसाठी घेणाऱ्याकडे द्यायचं आणि बदल्यात त्यांच्या मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या शिकाऊ टीममधली, एकोणीस-वीस-बावीस वर्षांची पोरं घ्यायची. ही पोरं स्वस्त पडतात, कारण मोठ्या टीममधे आल्यावर पहिली साधारण सहा वर्षं खेळाडूला दुसरीकडे जायची मुभाच नसते. आणि हरण्याची शिक्षा म्हणून कुणी खालच्या लीगमधे ढकललं जात नाही, उलट जितके जास्त हराल तितका पुढच्या ड्राफ्टमधे (नवी पोरं टीम पाळीपाळीने निवडतात त्यात) तुमचा नंबर वर लागायची शक्यता. २०२३ पासून तिथे लॉटरी आलीय म्हणून जरा चाप बसलाय, पण मूळ हिशोब तोच. एकदा बुडालातच तर थोडं बुडण्यापेक्षा पूर्ण बुडालेलं फायद्याचं.

आयपीएलमुळे ट्रेड हा प्रकार आपल्याकडेही आता घरोघरी माहीत झालाय, हार्दिक गुजरातहून मुंबईला परत आला आणि रोहितची कॅप्टनशिप गेली तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सख्ख्या मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. पण तिथे निदान खेळाडूची संमती लागते. इथे बहुतेकांना कोणी विचारत नाही. दुपारी फोन येतो, रात्री तू दुसऱ्या शहरात.

आता २०२१ चं सांगते, कारण माझं जे काही मत झालंय ते तिथून झालंय.

त्या वर्षी जूनमधे काइल श्वार्बर नावाचा आमचा एक धिप्पाड बॅटर सुटला होता. एका महिन्यात १६ होमरन. टीम रडतखडत ४० विजय ३८ पराभव इथपर्यंत आली आणि आम्हाला वाटलं चला, लागली गाडी रुळाला. २ जुलैला श्वार्बरच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्यानंतर जी घसरगुंडी सुरू झाली ती महिनाअखेरीपर्यंत थांबलीच नाही, आणि मग डेडलाइनच्या आसपास दीड-दोन दिवसांत नॅशनल्सनी आठ खेळाडू विकले. आठ! श्वार्बर बॉस्टनला, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) यान गोम्स आणि जॉश हॅरिसन ओकलंडला, डॅनियल हडसन सॅन डिएगोला, ब्रॅड हँड टोरांटोला, जॉन लेस्टर सेंट लुईसला. आणि सगळ्यात मोठा सौदा म्हणजे मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर हे दोघं एकदम लॉस एंजेलिस डॉजर्सना.

शर्झर कोण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक डोळा निळा, एक तपकिरी. बॉल टाकताना तोंडाने गुरगुरतो, बॉलिंग झाली की डगआउटमधे (टीम बसते तिथे) येरझाऱ्या घालतो, मॅनेजर (म्हणजे टीमचा कोच) त्याला बदलायला मैदानात आला तर त्याच्याकडे असा बघतो की मॅनेजरच परत जातो. २०१५ च्या सुरुवातीला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलरवर आला तेव्हा तिशीच्या पिचरला, म्हणजे बॉलरला, एवढे पैसे कोण देतं म्हणून लोक हसले होते. पहिल्याच वर्षी त्याने दोन नो-हिटर टाकले (म्हणजे अख्ख्या मॅचमधे एकही हिट दिला नाही), पुढच्या वर्षी एका मॅचमधे २० जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमधे आउट, केलं, २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ साय यंग, म्हणजे सगळ्यात चांगल्या पिचरचं अवॉर्ड घेतलं. पण आमच्या घरात तो लाडका झाला तो एका नाकामुळे. जून २०१९ मधे प्रॅक्टिसला बॉल लागून ह्याचं नाक मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळंनिळं घेऊन तो मैदानात उतरला, सात इनिंग एकही रन दिला नाही, दहा जणांना घरी पाठवलं. माझ्या मुलाने नंतर कित्येक दिवस डोळ्याखाली माझं काजळ फासून शाळेत जायचा हट्ट धरला होता.

तर ह्या माणसाला विकलं. २९ जुलैला फिलाडेल्फियात त्याने आमच्यासाठी शेवटची मॅच टाकली, जिंकूनही दिली, आणि त्या रात्रीच बातमी. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, पण तो तर चांगला खेळत होता ना?" ह्याला काय उत्तर देणार. चांगला खेळत होता म्हणूनच तर विकला रे बाबा. वाईट खेळणाऱ्याला घेतो कोण.

आणि ऐका, मी तेव्हाही चिडले नव्हते. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण हिशोब मला पटला होता. मॅक्स ३७ वर्षांचा, दोन महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट संपणार, टीम खड्ड्यात, आणि खाली मायनर लीगमधे दुष्काळ, कारण आधीची सात-आठ वर्षं नॅशनल्स कायम घेणारे होते, आज जिंकायचंय म्हणून उद्याची पोरं देऊन मोकळे झालेले. शिवाय २०१८ चा अनुभव ताजा होता. तेव्हा ब्राइस हार्पर हा स्टार बॅटर आमच्याकडे होता, कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष, टीम धड जिंकत नाही धड हरत नाही, जनरल मॅनेजर (खेळाडू घेणं-विकणं बघणारे) माइक रिझो डेडलाइनला म्हणाले नाही विकत. शेवटी ८२ विजय ८० पराभव, प्लेऑफ नाहीच, आणि हार्पर थंडीत उठून फिलाडेल्फियाला गेला, ३३ कोटी डॉलर, आणि आमच्या हातात काय तर ड्राफ्टमधला एक जादा नंबर. त्यामुळे जाणारच आहे तर निदान काहीतरी घ्या, ह्यात चूक काय?

चूक काय ते २०१९ सांगतं. खरं तर २०१९ मुळेच सगळा घोळ होतो, कारण वादात कोणीही दुसऱ्या बाजूने फक्त '१९-३१' एवढं म्हणतं आणि समोरच्याचं तोंड बंद होतं.

२०१९ च्या मेमधे न्यूयॉर्कला मेट्सनी आम्हाला लागोपाठ चार मॅच धुतलं आणि आमचा रेकॉर्ड झाला १९ विजय ३१ पराभव. पेपरात, रेडिओवर एकच चर्चा, मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा आणि शर्झरला आत्ताच विका, भाव चांगला येईल. त्या वर्षी आमची टीम अख्ख्या मेजर लीगमधे वयाने सगळ्यात मोठी होती. हाउवी केंड्रिक पस्तीस (जुलैत छत्तीस), रायन झिमरमन चौतीस, शर्झर चौतीस, आनिबाल सँचेझ पस्तीस, नंतर फर्नांडो रॉडनी आला तो तर बेचाळीस. हे आपापसात स्वतःला 'व्हिएहोस' म्हणायचे, स्पॅनिशमधे म्हातारे, टीशर्ट सुद्धा छापले होते. विकले असते तर कोणी नावं ठेवली नसती. नाही विकले. तिथून पुढे ७४ जिंकले, ३८ हरले.

आणि ऑक्टोबर. प्लेऑफमधे डॉजर्सविरुद्ध पाचव्या मॅचमधे दहाव्या इनिंगला बेस भरलेले असताना (म्हणजे एका फटक्यात चार रन) होमरन कोणी मारला, केंड्रिकने. वर्ल्ड सिरीजमधे, म्हणजे फायनलमधे, ह्यूस्टनविरुद्ध पाचव्या मॅचच्या सकाळी शर्झरची मान अशी धरली की त्याला बिछान्यातून उठता येईना, बायकोने कपडे चढवले, मॅच हुकली. तीन दिवसांनी इंजेक्शन घेऊन सातव्या मॅचला उभा राहिला. नेहमीचा मॅक्स नव्हता तो, सारखे बेस भरत होते, आम्ही दर दोन मिनिटांनी देवाचं नाव घेत होतो, पण पाच इनिंगमधे दोनच रन दिले आणि टीमला मॅचमधे जिवंत ठेवलं. सातव्या इनिंगला परत केंड्रिक, बॉल उजवीकडच्या फाउल पोलवर (बाउंड्रीच्या टोकाचा खांब, त्याला लागला तरी होमरन) जाऊन आदळला, तो 'टण्ण' आवाज माझ्या डोक्यात आजही आहे. सात मॅचच्या त्या सिरीजमधे सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या, म्हणजे आमच्या स्वतःच्या मैदानात आम्ही तिन्ही हरलो आणि तरी चॅम्पियन झालो, असला येडेपणा बेसबॉलमधेच होऊ जाणे.

म्हणून लोक म्हणतात, बघा, धीर धरायला हवा. पण मे म्हणजे जुलै नव्हे. मेमधे शंभराहून जास्त मॅच शिल्लक असतात, आणि २०१९ च्या डेडलाइनपर्यंत आम्ही घेणाऱ्यांत जाऊन बसलो होतो, विकणाऱ्यांत नव्हतोच. हडसन त्याच डेडलाइनला विकत घेतलेला, त्यानेच वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बॉल टाकला. तेव्हा १९-३१ ची गोष्ट छान आहे, पोरांना सांगायला तर फारच छान, पण दर वर्षी जुलैअखेर ती काढून 'थांबा, थांबा' म्हणणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं की बाकीच्या ज्या टीम थांबल्या आणि हरतच राहिल्या त्यांची गोष्ट कोणी का सांगत नाही?

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरीच्या पुढचे, अमेरिकन, अंगणात रेडिओ लावून मॅच ऐकणारे. त्यांचं म्हणणं वेगळंच. त्यांना विकण्या-न विकण्यातला फायदातोटा बघायचाच नाही. त्यांनी लहानपणी वॉशिंग्टन सेनेटर्स बघितलेत, ती अख्खी टीमच १९७१ नंतर टेक्ससला निघून गेली. ३० सप्टेंबर १९७१ ची त्यांची शेवटची मॅच, आरएफके स्टेडियममधे, यँकीजविरुद्ध ७-५ ने पुढे होते, शेवटचा एक आउट बाकी होता आणि लोक मैदानात घुसले, बेस उपटून नेले, मॅच यँकीजना बहाल झाली. आजोबा म्हणतात मी त्या गर्दीत होतो. (त्या पिढीतला इथला प्रत्येक जण त्या गर्दीत होता असं सांगतो, स्टेडियममधे तेवढ्या खुर्च्या तरी होत्या का कोण जाणे.) त्यानंतर २००५ ला मॉन्ट्रियलची टीम इकडे येईपर्यंत ह्या शहराला बेसबॉलच नव्हता. तर आजोबांचं साधं म्हणणं, ज्याने तुला काही दिलं त्याला निदान विचार तरी.

आणि हे विचारणं कुठून आलं त्याचीही एक गोष्ट ह्याच शहरातून जाते. कर्ट फ्लड, सेंट लुईसचा सेंटरफील्डर (मागे मधोमध उभा राहणारा), बारा सीझन तिथे खेळला, १९६९ च्या ऑक्टोबरमधे टीमने त्याला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं. तो म्हणाला मी जाणार नाही. कमिशनरला पत्र लिहिलं की मी कोणाची मालमत्ता नाही, माझी इच्छा न विचारता मला विकता येणार नाही. एक काळा माणूस १९६९ साली हे लिहितो तेव्हा त्यात काय काय असतं ते वेगळं सांगायला नको. १९७० चं अख्खं वर्ष तो खेळलाच नाही. १९७१ ला वॉशिंग्टन सेनेटर्सकडून परत आला, जेमतेम १३ मॅच खेळला, आणि सोडून युरोपला निघून गेला. १९७२ ला सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला. पण त्याच्या लढ्यानंतर वर्षभरात, १९७३ च्या करारात, खेळाडूंच्या युनियनने एक नियम मिळवला, दहा वर्षं मेजर लीगमधे आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमबरोबर झाली असतील तर खेळाडूला न विचारता ट्रेड करता येत नाही. शर्झरला २०२१ मधे हाच हक्क होता. त्याने होकार दिला म्हणून तो सौदा झाला. मला त्या दिवशी जे वाईट वाटलं त्यात हा एक दिलासा होता, की माणूस विकला गेला पण विचारून.

नाहीतर काय होतं ते २०१५ ला मेट्सच्या मैदानात सगळ्यांनी बघितलंय. विल्मर फ्लोरेस, सोळाव्या वर्षापासून मेट्सच्याच घरात वाढलेला, अजून पंचविशीही नव्हती, म्हातारा अजिबात नाही. मॅच चालू असताना बातमी पसरली की ह्याचा ट्रेड झालाय, प्रेक्षकांच्या फोनवर आधी पोचली, त्याला कोणी सांगितलंच नाही, तो मैदानात उभा राहून डोळे पुसतोय आणि अख्खं जग टीव्हीवर बघतंय. शेवटी तो ट्रेड फिसकटला. दोन दिवसांनी ह्याच फ्लोरेसने बाराव्या इनिंगला होमरन मारून मॅच जिंकून दिली, आणि समोर कोण, तर आम्हीच, नॅशनल्स. मी नॅशनल्सवाली असून सांगते, त्या बॉलला मी मनातल्या मनात टाळी दिली होती.

बरं, विकल्यावर मिळतं काय, हा खरा प्रश्न. इथे मात्र चित्र फार डागाळलेलं आहे. डेट्रॉइटने २०१७ ला जस्टिन व्हर्लँडर ह्या पिचरला ऑगस्टच्या शेवटच्या रात्री, मुदत संपायला काही मिनिटं असताना, ह्यूस्टनला दिलं. (तेव्हा ऑगस्टमधेही एका आडवाटेने ट्रेड करता यायचा.) व्हर्लँडर गेला तो थेट वर्ल्ड सिरीज जिंकायला, नंतर तिथे आणखी दोन साय यंग घेतली. डेट्रॉइटला तीन पोरं मिळाली, त्यातला जो सगळ्यात भारी म्हणून घेतला होता तो पिचर फ्रँकलिन पेरेझ दुखापतींमुळे मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. जेक रॉजर्स बरा कॅचर झाला, एवढंच. आणि डेट्रॉइट २०१९ ला ११४ मॅच हरलं. ह्याच डेट्रॉइटने त्याच्या तीस वर्षं आधी बरोब्बर उलटा सौदा केला होता, १९८७ ला जिंकायचं म्हणून डॉयल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर अटलांटाकडून आणला, त्याने नऊ मॅच जिंकल्या, शून्य हरल्या, डिव्हिजन (म्हणजे टीमचा गट) जिंकून दिली, आणि बदल्यात अटलांटाला दिलेला विशीतला पोरगा होता जॉन स्मोल्ट्झ, जो पुढे हॉल ऑफ फेममधे गेला. म्हणजे म्हातारा विकून अटलांटाचं सोनं झालं आणि म्हातारा विकूनच डेट्रॉइटची माती.

आमचं काय झालं? शर्झर-टर्नरच्या बदल्यात चार जण आले. पिचर जोसाया ग्रे २०२३ ला ऑलस्टार (वर्षाच्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला आणि पुढच्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. केबर्ट रुइझ कॅचर, त्याला २०२३ ला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन बसले, आणि तो त्या पैशांइतका अजून खेळलेला नाही. बाकी दोघांचं इथे काही जमलं नाही. गंमत म्हणजे त्या दिवशीचा सगळ्यात चांगला सौदा ज्याकडे कोणी बघितलंही नाही तो होता, ३७ वर्षांचा थकलेला जॉन लेस्टर देऊन सेंट लुईसच्या बाकावरून आणलेला लेन थॉमस. त्याने २०२३ ला २८ होमरन मारले. मग २०२४ ला त्यालाही विकला. क्लीव्हलंडला जाऊन त्याने प्लेऑफमधे बेस भरलेले असताना होमरन मारला, आम्ही सोफ्यावरून बघितला.

२०२२ ला तर आमचा स्टार बॅटर हुआन सोटो विकला. त्याला म्हाताऱ्यांत कसं धरू, २३ वर्षांचा होता! १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर नाकारले म्हणून सॅन डिएगोला दिला, आणि तोच सोटो २०२४ च्या डिसेंबरमधे मेट्सकडे ७६.५ कोटींना गेला. त्या सौद्यातून मात्र सीजे अब्रम्स, जेम्स वुड, मॅकेन्झी गोर असे तीन खरे खेळाडू आले, तिघंही ऑलस्टार झाले. त्या वर्षी १०७ हरलो. पुढची दोन वर्षं ७१-९१, ७१-९१, अगदी कॉपी केल्यासारखं. २०२५ ला ६६-९६. जुलैत रिझो आणि मार्टिनेझ दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं, आणि महिनाअखेर परत विक्री, ह्यावेळी फिनेगन, सोरोका, अ‍ॅलेक्स कॉल. चार वर्षं विकतोय, विकतोय, अजून विकतोच आहोत.

आणि इथे मला माझ्या आजीचं घर आठवतं. दुष्काळाच्या साली तिने पाटल्या मोडल्या होत्या, पण त्या पैशाचं बियाणं आणलं आणि विहिरीचं काम काढलं. तिची जाऊ पण सोनं मोडायची, दर वर्षी थोडं, आणि त्यातून किराणा भरायची. सोनं मोडणं दोघींकडे सारखंच होतं. नॅशनल्सचं नेमकं हे झालं. विकायचा निर्णय बरोबर, भावही वाईट नव्हता, पण आलेली पोरं पेरायची कुठे, त्यांना पाणी कोण घालणार, ती व्यवस्थाच जुनाट. बाकीच्या टीम बॉलच्या फिरकीचे कॅमेरे, बॅटच्या वेगाची यंत्रं, प्रत्येक पोराला वेगळा कोच असलं सगळं घेऊन पुढे गेल्या आणि आमच्याकडे ड्राफ्टमधून आलेली आणि ट्रेडमधून आलेली दोन्ही पोरं मायनर लीगमधे अडकून पडत राहिली. मालकांनी तर २०२२ च्या एप्रिलमधे अख्खी टीमच विकायला काढली, मग दोन वर्षं घोळ घालून म्हणाले नाही विकत. अशा घरात पोरगं वाढणार कसं? एक मजा सांगते, शर्झरच्या कॉन्ट्रॅक्टचे अर्धे पैसे नंतर द्यायचे ठरले होते, म्हणून नॅशनल्स त्याला अजूनही वर्षाला दीड कोटी डॉलर देतायत, २०२८ पर्यंत. माणूस विकला, हप्ते चालू.

एक माणूस मात्र विकला गेला नाही, कारण कोणी घेतलाच नसता. पॅट्रिक कॉर्बिन. २०१९ च्या त्या सातव्या मॅचला शर्झरनंतर येऊन तीन इनिंग शून्य रन देणारा, रेकॉर्डमधे ती मॅच जिंकलेला पिचर म्हणून ह्याचंच नाव आहे. त्यानंतर त्याचा हात गेला. २०२१ ला १६ मॅच हरला, २०२२ ला १९, २०२३ ला १५, तिन्ही वर्षं नॅशनल लीगमधे (मेजर लीगच्या दोन भागांपैकी आमच्या भागात) सगळ्यात जास्त. पण दर पाचव्या दिवशी बॉल घेऊन उभा. कधी दुखतंय म्हणून बसला नाही, कोणाला दोष दिला नाही, मार खाल्ला आणि परत पाच दिवसांनी आला. लोक त्याच्या पगारावरून शिव्या घालायचे, माझा मुलगा सुद्धा. मला तो आवडायचा. कोवळ्या पिचरला रोज मार खाऊ घालण्यापेक्षा ज्याने सगळं जिंकून झालंय त्याने खाल्लेला बरा, आणि टीमने दिलेले पैसे मला वाटतं त्याने असे फेडले. भाव न येणारा म्हातारा घरात असायला हवा, असं माझं मत आहे, आणि झिमरमनसारखा एक ज्याचा भाव लावायचाच नाही असाही. २०२१ च्या त्या विक्रीत झिमरमन तेवढा राहिला, टीमच्या पहिल्या वर्षापासूनचा, पहिल्याच ड्राफ्टमधला. सीझनच्या शेवटच्या दिवशी लोक उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते, टीम ९७ हरलेली असताना. तो नसता तर त्या दिवशी स्टेडियममधे जायचं कारण तरी काय होतं?

मेट्सचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. २०२३ ला त्यांच्याकडे शर्झर आणि व्हर्लँडर दोघंही होते, चाळिशीला टेकलेले, अफाट पगाराचे, टीम हरत होती. त्यांनी दोघांना विकलं, आणि वर त्यांच्या पगाराचा मोठा वाटा स्वतः भरला, म्हणजे बदल्यात चांगली पोरं मिळतील. पुढच्या वर्षी तीच टीम वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी खालपर्यंत गेली. आणि शर्झर? तो टेक्ससला जाऊन २०२३ ची वर्ल्ड सिरीज जिंकला. २०२५ ला टोरांटोकडून, ४१ व्या वर्षी, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला परत पहिला बॉल टाकायला हाच उभा. विकला म्हणजे संपला असं मानणाऱ्यांनी ती रात्र बघायला हवी होती.

आता आमच्याकडे सगळं नवीन आहे. टीमच्या ऑफिसचे प्रमुख पॉल टोबोनी २०२५ ला आले तेव्हा ३५ वर्षांचे, मॅनेजर ब्लेक ब्युटेरा ३३ चा, म्हणजे टीममधे एखादा मुरलेला पिचर आणला तर तो मॅनेजरपेक्षा मोठा असणार. पण हा ब्युटेरा टँपा बेच्या टीममधे पोरं घडवायचंच काम बघायचा, त्यामुळे निदान कोणाच्या तरी लक्षात आलंय की गळती कुठे होती. शेजारच्या आजोबांना हे काही पटलेलं नाही, त्यांच्या मते मॅनेजरच्या तोंडावर थोड्या तरी सुरकुत्या हव्यात.

मुलगा आता हायस्कूलमधे आहे, लॅपटॉपवर कुठले कुठले तक्ते उघडून बसतो. २०२५ चा सीझन संपला तेव्हा मला म्हणाला, आई, आता अब्रम्सला विकायला हवं, २०२८ पर्यंत कुठे जाऊ शकत नाही म्हणजे आत्ता भाव चांगला येईल, आणि तोवर आपण काही जिंकत नाही. मी म्हटलं अरे पंचवीस वर्षांचा आहे तो, सोटोला विकून त्यालाच तर आणला होता. तर म्हणतो, "हो, पण आता तो तेव्हाच्या सोटोपेक्षा मोठा आहे." मी म्हटलं जेव ते आधी.